पांढऱ्या ताटात चमचाभर हुलगे

आमच्या बेळगावात माणूस भेटला की पहिला प्रश्न पोटाचा. कन्नड शेजारीण विचारते, "ऊटा आतेन्री?" मराठी शेजारीण विचारते, "जेवलासा काय?" उत्तराची कुणाला पडलेली नसते. पण घरात सहाच पदार्थ खाणारं पोर असलं की हाच प्रश्न दिवसातून दहादा टोचतो.

माझी वडगावात, येळ्ळूरच्या वाटेवर पिठाची गिरण आहे. पोरगा साडेआठ वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, ज्याला पुस्तकी मराठीत स्वमग्नता म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्याच्या खाण्याची यादी अशी होती: दूध, दही, पांढरा भात, ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचे चुरमुरे आणि एकाच कंपनीचं ग्लुकोज बिस्कीट. सगळं पांढरं किंवा पांढऱ्याच्या जवळचं. भात आणि दही वेगवेगळ्या वाट्यांत, एकमेकांना शिवले तर दोन्ही बाद. माझी आई म्हणायची, "एक दिस उपाशी ठेव की गा, भूक लागली की खातंय बघ." ठेवलं. तो दीड दिवस पाण्यावर राहिला आणि मग तापानं फणफणला. हा प्रयोग कुणी करू नये म्हणून आधी तेच सांगून टाकतो.

साधं हट्टी मूल भूक लागली की भाजीला तोंड लावतं. या मुलांचं तसं होत नाही, कारण कित्येकदा त्यांना भूक लागल्याचं नीट कळतच नाही. पोटातून येणारा निरोप आपल्याला स्पष्ट ऐकू येतो, त्यांना तो अर्धवट येतो. उलट तोंडातून, नाकातून, डोळ्यांतून येणारे निरोप मोठ्या आवाजात येतात. वांग्याच्या भाजीतली लिबलिबीत फोड आपल्याला फक्त नावडते. त्याला ती जिभेवर गोगलगाय ठेवल्यासारखी वाटत असेल. लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ साली अमेरिकेत ११ मुलांचं वर्णन करून ऑटिझमची ओळख करून दिली, त्यातल्या ६ मुलांना अगदी तान्हेपणापासून खाण्याची मोठी अडचण होती. म्हणजे हे काही मोबाइल आल्यावरचं खूळ नाही, की आईनं लाडावून ठेवल्याचं फळ नाही. ही अडचण फारच टोकाची झाली, वजन किंवा तब्येत ढासळू लागली, तर डॉक्टरांकडे तिला वेगळं नावही आहे, 'आर्फिड'. २०१३ पासून ते आजारांच्या यादीत आहे आणि ते ऑटिझम नसलेल्यांनाही होतं.

मला हे पटलं ते गिरणीत. दगडाला ठरावीक काळानं टाकी लावावी लागते, म्हणजे झिजलेल्या खाचा टाकीनं ठोकून पुन्हा खोल करायच्या. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कचकचतं, म्हणून मी आधी चार-पाच किलो हलकं धान्य दळून ते बाजूला काढतो. एकदा असंच काढलं, नंतर गिऱ्हाइकांची दळणं दिली, घरचंही नेलं. पन्नास घरांत कुणी एका शब्दानं तक्रार केली नाही. पोरानं पहिला घास तोंडात घातला, जीभ बाहेर काढली आणि बोटानं ती पुसत बसला. दुसऱ्या दिवशी मी चिमूटभर पीठ दातांखाली धरून बघितलं. होती कच. अगदी नखाएवढी, पण होती. पंचवीस वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला जे लागलं नाही, ते त्याला लागलं होतं. त्या दिवसापासून मी 'नखरे' हा शब्द सोडला.

आता बिस्किटाचं बघा. एका पुड्यातलं दहावं बिस्कीट पहिल्यासारखंच असतं. भाकरीचं तसं नाही. आज तवा जास्त तापला, उद्या पीठ चार दिवसांचं शिळं, परवा बायकोनं घाईत थापली. म्हणून पोरगा भाकरी हातात आली की खिडकीशी जायचा आणि उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासायचा. काळा ठिपका दिसला की परत. फळांचं तर विचारूच नका, एक पेरू कडक, दुसरा मऊ, तिसऱ्यात अळी. ज्या मुलाला बदलाचीच भीती, त्यानं कारखान्यातलं बिस्कीट निवडणं हे त्याच्या बाजूनं शहाणपणाचंच म्हणायचं.

माझी चूक ऐका. नाचणीत कॅल्शियम भरपूर असतं, शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, हे कुठंतरी वाचलं होतं. हातात गिरण. मी कुणाला न सांगता ज्वारीत पाव हिस्सा नाचणी घालून दळली. भाकरी सावळी झाली. त्यानं ती उजेडात धरली, माझ्याकडं बघितलं आणि ताट ढकललं. पुढच्या दिवशी निव्वळ ज्वारीची करून दिली, तीही नाही. चार महिने पोरानं भाकरी खाल्ली नाही. सहाचे पाच झाले. या मुलांच्या बाबतीत हीच मोठी भीती असते. भरवशाच्या पदार्थात लपवून काही घातलं आणि त्यांना ते कळलं, तर नवा पदार्थ मिळत नाहीच, जुनाही हातचा जातो. दहीभातात पालकाचा रस, दुधात औषधाची पूड, बिस्किटात गोळीचा चुरा, सगळ्यांची गत तीच. औषध द्यायचंच तर वेगळ्या चमच्यातून, औषध म्हणून द्यावं.

त्यानंतर आम्ही बालरोगतज्ज्ञांकडं आणि तिथून आहारतज्ज्ञ बाईंकडं गेलो. बाईंनी ताटाआधी पोटाचं विचारलं. संडासला कधी जातो? तीन दिवसांनी, तेही रडत. मग भूक लागेल कशी? बद्धकोष्ठ हे या मुलांत फार आढळतं आणि ते सुटल्याशिवाय बाकी सगळं वाया जातं. दात किडलेत का, जेवल्यावर आंबट वर येतं का, गिळताना ठसका लागतो का, हेही बघून घेतलं. चंचलतेसाठी काही गोळी चालू आहे का, हेही विचारलं, कारण त्यातल्या काही औषधांनी भूक मरते. मूल भिंतीचा चुना, माती किंवा कच्चे तांदूळ खात असेल तर रक्तातलं लोह तपासायचं, आणि शिसंही.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत असतो. वजन बरोबर आहे म्हणून पोषण बरोबर आहे असं धरू नका. बिस्किटं आणि भात खाऊन मूल गुटगुटीत राहू शकतं. पण फळ-भाजी वर्षानुवर्षं तोंडात गेली नाही तर क जीवनसत्त्वाच्या अभावानं स्कर्व्ही होऊ शकते. पूर्वी खलाशांना व्हायचा तो हा आजार, आणि असं निवडक खाणाऱ्या ऑटिझमच्या मुलांमध्ये तो आजही सापडतो. मूल लंगडू लागतं, पाय दुखतात म्हणून चालायला नको म्हणतं, हिरड्या सुजतात, रक्त येतं. घरचे हाडाच्या डॉक्टरांकडं फिरत राहतात आणि काय खातो हे कुणी विचारत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर आधी अंधारात दिसेनासं होतं. यातलं काही दिसलं, वजन उतरू लागलं, खायचे पदार्थ महिन्या-महिन्याला कमी होऊ लागले, तर घरगुती उपाय बंद करून थेट डॉक्टर गाठावा.

मग हिशेब. बाईंनी तीन दिवस सगळं लिहून आणायला लावलं. 'थोडं दूध' असं लिहायचं नाही, पेला मापून लिहायचं. वहीत जे निघालं त्यानं आम्ही दोघं गप्प झालो. पोरगा दिवसाला लिटरभर दूध पीत होता. जेवत नाही म्हणून आम्हीच पाजत होतो. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज साधारण ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि नुसत्या दुधातूनच त्याला जवळजवळ त्याच्या दुप्पट मिळत होतं. म्हणजे ज्यासाठी मी नाचणी घालून भाकरी घालवली, ते त्याला कमी नव्हतंच! प्रथिनं या वयाला २३ ग्रॅम लागतात. दुधातून तीसेक, वर भात-दह्यातून आणखी. बायकोनं महागडा प्रोटीनचा डबा आणला होता, तो शेवटी माझ्या चहात संपला. सरासरी काढली तर ऑटिझमच्या मुलांना कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडतात असं अभ्यास सांगतात, आमच्याकडे उलटं निघालं. म्हणून शेजाऱ्याच्या मुलाचा उपाय आपल्या मुलाला लावू नये, आधी वही लिहावी.

कमी होतं ते लोह. त्याला रोज १५ मिलिग्रॅम लागतं, मिळत होतं त्याच्या निम्म्याहून कमी. त्यात दूध लोहाचा दुहेरी शत्रू. स्वतः त्यात लोह जवळजवळ नाही, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या पदार्थातलं लोह नीट अंगी लागू देत नाही. शिवाय पोट भरलेलं, म्हणून जेवण नको. क जीवनसत्त्व शून्याच्या आसपास. तंतूंचा, म्हणजे फायबरचा, पत्ता नाही, म्हणून बद्धकोष्ठ. सगळं एकमेकांत गुंतलेलं. रक्त तपासून डॉक्टरांनी लोहाचं औषध आणि क जीवनसत्त्वाचे थेंब सुरू केले, आणि दूध हळूहळू अर्ध्या लिटरवर आणायला सांगितलं. आधी जेवणापूर्वीचा पेला बंद केला. औषधाला कमीपणा मानू नका. ताट सुधारायला वर्ष लागतं, रक्त वर्षभर थांबत नाही.

चार महिन्यांनी भाकरी परत आली, ती कशी ते सांगतो. पोराला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कान झाकून कोपऱ्यात बसतो. पण गिरणीचा आवाज त्याला आवडतो. मिक्सर मध्येच किंचाळतो, गिरण एकसारखी घरघरते, त्याचा फरक असावा. मी त्याला संध्याकाळी गिरणीत बसवू लागलो. ज्वारी वरून चाडीत पडते, खाली गरम पीठ येतं, तो त्यात बोटं घालून बसायचा. खाण्याचा विषयच नाही. तीन आठवड्यांनी बायकोनं त्याच पिठाची रुपयाएवढी भाकरी करून ताटाच्या कडेला नव्हे, शेजारच्या बशीत ठेवली. चौदाव्या दिवशी त्यानं ती उचलली.

आहारतज्ज्ञ याला शिडी म्हणतात. पदार्थ त्याच खोलीत आहे आणि मूल पळून गेलं नाही, ही पहिली पायरी. मग शेजारच्या बशीत, मग हात लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं. थुंकायची मुभा हवी, त्यासाठी आम्ही एक वाटी ठेवली आहे. साध्या मुलालाही नवा पदार्थ आवडायला दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो, आमच्या मुलांना त्याहूनही जास्त. आपण तिसऱ्या दिवशी कंटाळून "याला नाहीच आवडत" म्हणतो. काय, कधी आणि कुठं वाढायचं हे आपण ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, ते त्यानं. ताटात दर वेळी त्याचा भरवशाचा एक तरी पदार्थ हवाच, म्हणजे ताट बघून धडकी भरत नाही.

भाकरी रुळल्यावर मी पुन्हा पिठाला हात लावला. या वेळी बाईंना विचारून आणि त्याच्यादेखत. नाचणी नाही, हुलगे. हुलग्यात लोह ज्वारीच्या दुपटीहून जास्त, प्रथिनं शंभरात २२ ग्रॅमच्या आसपास, तंतूही चांगले. भाजून बारीक दळले आणि किलोभर ज्वारीच्या पिठात एक लहान चमचा, पाच ग्रॅम. तो चमचा त्यानंच घालायचा. दहा दिवसांनी दोन चमचे. रंग बदलला तर त्या दिवशी आकार, तवा, ताट काहीच बदलायचं नाही. एका वेळी एकच बदल. आज किलोला शंभर ग्रॅम चाललेत. खरं सांगायचं तर त्यातून मिळणारं लोह फार नाही, आणि कडधान्यातलं लोह क जीवनसत्त्वाच्या जोडीशिवाय अंगी थोडंच लागतं. पण भाकरी थोडी बदलली तरी भाकरीच राहते हे त्याला कळलं. त्यानंतर भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आली, तिखट न घातलेली, पिठासारखी बारीक कुटलेली. शेंगदाण्यांपाठोपाठ आता तीळ.

बिस्किटाच्या पुड्याचा रंग कंपनीनं बदलला तेव्हा आमच्याकडे तीन दिवस सुतक होतं. तेव्हापासून घरात कुठल्याच गोष्टीला एकच पेला, एकच पुडा, एकच दुकान अशी सवय लागू देत नाही. बिस्किटं डब्यात ओततो. आणि आवडता पदार्थ रोज, तिन्ही त्रिकाळ देत नाही, कारण एके दिवशी त्याचा विट येतो आणि तो कायमचा सुटतो. चुरमुऱ्यांचा डबा पूर्वी दिवसभर उघडा असायचा, तो आता पाच वाजता उघडतो. तीन जेवणं, दोन मधली खाणी, मध्ये फक्त पाणी. जेवण अर्ध्या तासात आटोपायचं, खाल्लं नाही तरी ताट शांतपणे उचलायचं. बसायला भिंतीशी पाट, पाठीला आधार. खुर्चीवर बसवत असाल तर पाय लोंबकळू देऊ नका, खाली डबा ठेवा. फोडणी त्याच्या जेवणाच्या वेळी टाकत नाही.

रेशनच्या तांदळाचा किस्साही इथंच सांगतो. काही वर्षं या तांदळात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळून यायचे, शंभर दाण्यांत एक. लोक त्याला प्लास्टिकचा तांदूळ म्हणून निवडून फेकायचे. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे असतात, दिसले तर फेकू नका. आमच्या पोरानं मात्र शिजलेल्या भातातून ते एक एक वेचून कडेला रांगेत मांडले. ते चुकीचे आहेत हे त्याला आमच्याआधी दिसलं. मग तो तांदूळ मी दळून घेतला, आणि त्या पिठाची उकड त्याच्या शेजारच्या बशीत जाऊ लागली. अजून तिला हात लागलेला नाही.

कर्नाटकातल्या सरकारी शाळेत दूध मिळतं, २०२४ पासून काही दिवस त्यात नाचणीचं माल्ट असतं, शिवाय अंडं किंवा केळंही मिळतं. चांगलं आहे, पण गुरुजींना आधी सांगावं लागतं की घ्यायचं नाही म्हणाला तर आग्रह करू नका. आग्रह हे आपल्याकडचं प्रेम आहे, काय करणार! एका लग्नात एका मावशीनं कौतुकानं त्याच्या तोंडात कुंदा कोंबला. तो ओकला आणि पुढं दोन महिने कुठल्याही मांडवाच्या आत पाऊल टाकेना. आता आम्ही त्याचा डबा बरोबर नेतो आणि पंगतीत सरळ उघडतो. बघणारे बघतात.

गहू आणि दूध बंद केलं की ऑटिझम बरा होतो, असं सांगणारेही भेटतील. आम्हालाही एकानं तीन हजारांचा तक्ता दिला होता. असं होतं याचा भक्कम पुरावा नाही. ज्याला दुधाची ॲलर्जी किंवा गव्हाचा सिलियाक आजार आहे, त्याची गोष्ट वेगळी, तो तपासून ठरवता येतो. सहा पदार्थ खाणाऱ्याचे दूध, दही, बिस्कीट असे तीन काढून घ्यायचे म्हणजे काय, ते मी नाचणीच्या वेळी बघून झालो होतो. तक्ता गिरणीत पट्ट्याखाली तेल टिपायला वापरला.

खासगी थेरपी सगळ्यांना झेपत नाही. अंगणवाडीतून आणि शाळांतून मुलांची तपासणी करणारी पथकं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली फिरतात, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. २०१६ च्या कायद्यात ऑटिझम अपंगत्वांच्या यादीत आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येतं, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यातून वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, थेरपीही त्यात धरतात. खाण्याच्या कामाला ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट दोघेही उपयोगी पडतात, कारण जीभ आणि जबडा हेही स्नायूच. आमच्या पोराला चावताच येत नव्हतं, घास चोखून मऊ करून गिळायचा, हे स्पीचच्या बाईंनी पाच मिनिटांत ओळखलं.

आता यादीत अकरा पदार्थ आहेत. पेरू बशीपर्यंत आलाय, त्यानं त्याला एकदा जीभ लावून थुंकलं. हिमोग्लोबिन वर सरकलं, संडासचं रडणं थांबलं. आज सकाळी बायकोच्या हातून भाकरी जरा जास्त भाजली गेली. नेहमीप्रमाणे तो ती घेऊन खिडकीशी गेला. काळा ठिपका होता, मला इथून दिसत होता. त्यानं तेवढा तुकडा तोडून थुंकायच्या वाटीत टाकला आणि उरलेली भाकरी चटणीला लावून उभ्या उभ्याच खाल्ली.